काजूची बिस्किटं आणि पुढचं वर्ष

समारंभाचे अध्यक्ष माननीय अर्थमंत्री महोदय, व्यासपीठावरील सचिव साहेब, आजचे सत्कारमूर्ती आणि आमचे संचालक, खास वेळ काढून आलेल्या वहिनी, आणि चहाच्या वासाने का होईना, पण वेळेवर जमलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

संचालकांना आम्ही पाठीमागे 'ढगाळसाहेब' म्हणतो. साहेब, दचकू नका, तुम्हाला हे ठाऊक आहे, हे मलाही ठाऊक आहे! देश पुढच्या वर्षी किती कमावणार, याचा अंदाज बांधणं हे आमचं काम. साहेबांच्या अंदाजात नेहमी थोडं मळभ असायचं, आणि मेलं दरवेळी खरं ठरायचं.

आता आमच्या कार्यालयाची एक रीत सांगते. आकडा वाढवून हवा असला की मंत्रालयातून बिस्किटं येतात. साधी आली तर अर्धा टक्का. काजूची आली तर चांगला एक टक्का! तोंडाने कोणी काही मागत नाही, सगळी माणसं सभ्य आहेत. आम्ही बिस्किटं खातो आणि गणित उलट्या बाजूने सोडवतो. मग त्या फुगलेल्या आकड्याच्या भरवशावर कर्ज निघतं, कर माफ होतात, निवडणूक थाटात पार पडते. पुढे पैसे कमी पडले की कात्री कुठे लागते? शाळेत, दवाखान्यात. तिथे बिस्किटं पाठवायची ऐपत कुणाची असते?

यंदा काजूची आली. साहेबांनी ताट हातही न लावता परत पाठवलं. मग मंत्री महोदय स्वतः आले. महोदय, राग नसावा, मी फायली घेऊन मागेच उभी होते. बैठक झाल्यावर जिन्यात तुम्ही हळूच विचारलंत, "साहेब, खरं काय ते सांगा. पोराला इथे कारखाना काढून देऊ, की बाहेर पाठवू?"

बाप म्हणून विचारलंत, त्यात गैर काय?

साहेब म्हणाले, "तुमच्या पोराला एक आकडा आणि बाकीच्यांच्या पोरांना दुसरा, हे माझ्याच्यानं होणार नाही."

आठवड्याभरात परिपत्रक निघालं: संचालक प्रकृतीच्या कारणास्तव मुदतीआधी निवृत्त होत आहेत. वहिनी, तुम्हाला यांच्या आजाराची बातमी त्या परिपत्रकातूनच कळली ना? हा माणूस चार मजले चढून येतो आणि वर पोचल्यावर आम्हालाच पाणी विचारतो!

साहेब, तुम्ही चाललात याचं मला फार वाईट वाटतंय. भीतीही वाटतेय, कारण आजपासून तुमच्या खुर्चीत मी आहे आणि अंदाजाचा अहवाल माझ्या सहीसाठी टेबलावर आला. माझी मुलगी विचारते, "आई, शिकून इथेच राहू ना?" तिला काय सांगायचं, ते त्याच अहवालात आहे.

असो. मंत्री महोदयांचे आभार, सचिव साहेबांचे आभार, खुर्च्या मांडणाऱ्यांचे तर विशेष आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि हो, मघापासून माझ्यासमोर काजूच्या बिस्किटांची बशी ठेवलेली आहे. ती कुणीतरी वहिनींच्या पिशवीत घाला. मी सही सकाळीच करून आले, साहेबांच्याच आकड्यावर.