शपथेवर निघालेलं बदक

हॅलो?… हो, मीच, बर्नाडीन. माझ्या घरचा फोन दुसरं कोण उचलणार?… नाही गं रोझॅन, कामात कसली. पिरोगी करतेय, बटाटा भरून. हाताला पीठ आहे, जरा मोठ्यानं बोल.

…हो, झाली ना ती दिवाळखोरीची चौकशी, आज सकाळीच. कोर्टात नाही जावं लागलं. इथेच, स्वयंपाकघरात, लॅपटॉप उघडून बसलो. आमच्या चेस्टरने वर कोट-टाय चढवला आणि खाली पायजमा… हो, तोच, मासे छापलेला.

…अगं ऐक ना, आधी महत्त्वाचं. घर वाचलं… वाचलं म्हणजे, बहुतेक वाचलं. हप्ते थकले म्हणून शेरीफ घराचा लिलाव करणार होता ना गेल्या महिन्यात? दिवाळखोरीचा अर्ज टाकला तसा तो जागच्या जागी थांबला… नाही, घर काढून घेत नाहीत. अगं, दिवाळखोरी एका प्रकारची नसते. आमची आहे तिच्यात घर आपल्याकडेच राहतं. चुकलेले हप्ते पाच वर्षांत थोडे थोडे फेडायचे, आणि चालू हप्ता भरत राहायचा… गाडी? गाडीचंही बसवता येतं म्हणे. का गं?… बरं, बरं. सहज.

मग ऐक. ट्रस्टी म्हणून एक बाई असते, कोर्टाने नेमलेली. आपण पैसे तिच्याकडे द्यायचे, ती कर्जवाल्यांना पोचवते. मिस हॉलबर्ग नाव. कोऱ्या चेहऱ्याची. नुकतीच बदलून आलीय इथे टोलीडोला, कुठल्याशा वाळवंटातून. म्हणाली, हात वर करून शपथ घ्या. चेस्टरने डावा वर केला. मी टेबलाखालून चिमटा काढला, तर याने दोन्ही वर केले. जसं काही तिने पिस्तूल रोखलंय.

…हो ना. पुढे तर ऐक. तिने विचारलं, अर्जात लिहिलंय ते खरं आणि पूर्ण आहे का? आता वकिलाने, त्या प्रुइटने, आमच्याकडून दहादा घोकून घेतलेलं, नुसतं 'हो' म्हणा. आणि आमचं ध्यान काय म्हणालं असेल? "खरं आहे. पूर्ण नाही."

…शपथेवर, रोझॅन… प्रुइट? तो स्क्रीनवर गोठला. मला वाटलं इंटरनेट गेलं. इंटरनेट ठीक होतं.

ती म्हणाली, काय राहिलं? हा म्हणाला, बदक.

…अगं आपलं, पायरीवरचं, सिमेंटचं. ज्याला मी कपडे घालते ते… हस, हस. इथे गल्लीत प्रत्येक दारात एकेक आहे, पण तिला बिचारीला काय ठाऊक? तिला वाटलं पाळलेलं आहे. विचारते, काय खातं? चेस्टर म्हणाला, "खायला काही लागत नाही मॅडम, कपडे मात्र फार लागतात."

…नाही, ती हसली नाही. मला वाटलं संपलं एवढ्यावर. ती म्हणाली, त्याची किंमत काय? तर हा म्हणतो, "बदकाची काही नाही, पण बायको गल्लीतल्या बायकांना बदकांचे कपडे शिवून विकते, त्याचे पैसे येतात."

…मला हेच ठाऊक नव्हतं की त्याला ठाऊक आहे… अगं, चोरून म्हणजे काय, नाताळच्या भेटींसाठी बाजूला टाकत होते. एकेका कपड्याचे पाच-पंचवीस डॉलर. कमाई म्हणायची असते त्याला हे डोक्यातच आलं नाही. पण अर्जात सगळी कमाई दाखवावी लागते. लपवली म्हणून अर्ज फेटाळला, की लिलाव पुन्हा उभा. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं बघ. आईचं कपाट जिन्यावरून कसं उतरवायचं इथपर्यंत पोचले होते.

…सांगितलं ना खरं, दुसरं काय करणार. महिन्याला दीडशेच्या आसपास, ईस्टरला जास्त. ती म्हणाली, दाखवा… अगं बदक! चेस्टर उठला आणायला… हो, पायजमा दिसला. सगळा. तिने नजर वर छताकडे नेली. मग बदक ठेवलं टेबलावर, पिवळ्या रेनकोटात. ती बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "टोपीला अस्तर लावलंय?" म्हटलं, हो मॅडम. नाहीतर वाऱ्याने उडते.

…तेच तर सांगतेय. आमच्या हिशेबात मुळात महिन्याला सव्वाशे कमीच पडत होते. प्रुइटला त्याचीच धास्ती होती, की ती तिथेच पकडणार. ते बदकाने भरून काढले. बाई म्हणाली, दुरुस्ती करून पुन्हा दाखल करा, मग माझी हरकत नाही… न्यायाधीशाची सही व्हायचीय अजून. पण प्रुइट म्हणतो, तिची हरकत नाही म्हणजे निम्मं जिंकलं. आता पाच वर्षं शिवत बसायचं. कोर्टाची शिंपीण झालेय मी.

…भांडले तर. लॅपटॉप मिटल्या मिटल्या भांडले. म्हटलं, तुला कोणी विचारलं होतं बदकाबद्दल? तर म्हणतो, "बर्नी, माझे हात वर होते." मग म्हणाला, "काचेच्या कारखान्यातून काढलं तेव्हा सहा आठवडे डबा घेऊन निघायचो आणि तळ्याकाठी बसायचो. तुला सांगितलं नाही. तिथूनच हप्ते बुडायला लागले. आता पुन्हा काही लपवायचं नव्हतं."

…मी? टाय सोडवून दिला त्याचा.

…हॅलो? रोझॅन?… आहेस ना?… काय झालं? सर्दी झालीय का?… मग नाक का ओढतेयस?

…घराचेही? किती हप्ते?

…अगं चार. चारच. आमचे सात होते… नाही, रागवत नाहीये. लिलावाची तारीख लागलीय का?… नाही ना? मग वेळ आहे. आधी श्वास घे… प्रुइट इथला, ओहायोचा, तुमच्या इंडियानात नाही चालायचा, पण त्याच्या ओळखीचा असेल कुणी. विचारते मी उद्या.

…डेलला, सख्ख्या नवऱ्याला माहीत नाही? काहीच?… कुठेय तो आत्ता?… गॅरेजमध्ये. मग हाक मार… नाही, मी नाही सांगणार. मोठी बहीण असले तरी नाही… रागावेल. रागावू दे. मीही सकाळी चेस्टरवर रागावलेच ना.

…आला आत?… त्याला म्हणावं, कुणी मेलेलं नाही, हात धू आणि बस… नाही रोझॅन, मी फोनवर थांबणार नाही. इथून पुढचं तुम्हा दोघांचं आहे.

…हो. ठेवते.