हसूचं हसं

हॅलो?… हॅलो, कोण?… जरा मोठ्यानं बोला, खरखर लई येतीय… लातूर? हां बाबूजी, जोडो. मैं वकीलसाब के घर से ही बोल रही.

हॅलो?… अगं कोण, लक्ष्मम्मा!… व्हय, शरणम्माच बोलतीय. आवाज असा का? हिवताप येऊन गेला गं, घसा बसलाय… न्हाय न्हाय, उतरलाय आता. कोयनेल घेऊन घेऊन कानात घंटा वाजतात तेवढ्या. हे घरात न्हाईत, अशिलाकडं गेलेत, म्हणून मीच उचलला. तू बोल.

हं… हं… सुपारी? कुणाची?

इरम्माची?… तुझ्या भाचीची? शंकरप्पाच्या इरम्माची?

कुणाबरोबर ठरलं?… तेलाच्या घाण्याचे? म्हणजे ज्यांची बायको मागच्या साली गेली, तेच ना?… अगं, त्यांची थोरली लेकच इरम्माएवढी असंल की!… न्हाय, मी नावं ठेवत न्हाय. माणूस चांगला असंल. पण लक्ष्मे, एवढीशी पोर आणि बिजवराला?…

बरं. शंकरप्पानं शब्द दिलाय का?… अजून न्हाय. सोमवारी द्यायचाय. आन् आज शुक्रवार… बरं झालं बाई तू आजच फोन केलास.

हं, बोल. मन मोकळं कर, मी ऐकतीय…

व्हय, स्थळ मीच सुचवलं होतं… व्हय, सोमलिंग माझाच भाचा, माझ्या बहिणीचा… खरं हाय तुझं. माणूस पोरगी बघायला येतो, चुरमुऱ्याचा सुशीला खातो, हात धुवायला उठतो, आन् परत येऊन हात जोडून म्हणतो, ‘आमच्याकडून नकार समजा.’ चहा तसाच टाकून निघतो. शंकरप्पाच्या सोप्यात, चार माणसांदेखत… तुझा राग रास्त हाय. मी असते तर मीबी रागावले असते. तेव्हा मी अंथरुणात होते, म्हणून आले न्हाय. आले असते तर हे झालंच नसतं, पण ते जाऊ दे…

काय म्हणाल्या बायका?… ‘दात दाखवून स्थळ घालवलं’?… कुणाची आई, इरम्माची आई असं म्हणाली? पोटच्या पोरीला?…

आन् तिला तुझ्याकडं पाठवलंय म्हणतीस. लातूरलाच हाय ती?… हं… खातीपिती का नीट?… हसत न्हाय. तोंडावर पदर धरूनच बोलती…

लक्ष्मे, आता माझं ऐक. अगं ऐक ना… पुरतं ऐक, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे. सोमलिंग आज माझ्याकडं आलाय. ढोकीहून, सकाळच्या मोटारीनं. बाहेर ओसरीवर बसलाय आत्ता… तोंड वर करून न्हाय आला गं, तोंड पाडूनच आलाय. माझा ताप बघायला आला होता. मी विचारलं, ‘सोमा, तू त्या पोरीला नकार का दिलास? सावळी म्हणून?’ तर म्हणाला, ‘मावशी, मी न्हाय दिला. तिनंच दिला.’

हो, हो… मीबी अशीच ओरडले. थांब ना, सांगते.

हात धुवायला परसात गेला ना, तेव्हा तांब्या घेऊन इरम्माच गेली होती हातावर पाणी घालायला. जाणूनच पाठवलं असंल घरच्यांनी, आपल्यातबी असंच करतात. तेव्हा यानं तिला विचारलं, ‘तुमच्या मनात नसंल तर आत्ताच सांगा. मी जबरदस्ती होऊ देणार न्हाय.’

व्हय, असं विचारलं… आता नवरा मुलगा असं कशाला विचारतो म्हणतीस. त्याची बहीण तुला ठाऊक हाय ना, गौरम्मा?… तीच. तिला बघायला आले होते, तेव्हा तिनं आतल्या खोलीत सगळ्यांपुढं सांगितलं होतं, ‘मला नगं.’ सोमलिंग तिथंच उभा होता, नुकतं मिसरूड फुटलेलं. थोरल्या माणसांनी काय केलं? ‘पोरी लाजून असंच म्हणतात’ म्हणून हसण्यावारी नेलं. अक्षता पडल्या. पुढं काय झालं ते सगळ्या तालुक्याला ठाऊक हाय. परत आली ती माहेरी, अंगावरच्या लुगड्यानिशी. आता चुलीपुढं बसती, आन् कुणी विचारलं तरच बोलती. सोमलिंग रोज तिच्या हातची भाकरी खातो गं. त्यानं मनाशी ठरवून ठेवलं होतं, आपण ज्या पोरीच्या गळ्यात लग्नाचा लिंगाकार बांधू तिला आधी विचारू.

म्हणून विचारलं… आन् इरम्मानं तोंडाला पदर लावला, मान खाली घातली आन् म्हणाली…

न्हाय, तू आधी हे ऐक, त्याला काय ऐकू आलं ते. तो म्हणतो, ती म्हणाली, ‘नगं, बरं तर.’

थांब, थांब, लक्ष्मे… ‘आमची पोरगी असं म्हणणारच न्हाय’, व्हय, तेच तर सांगतीय मी! तो स्टेशनावर तारबाबू हाय ना. कानावर जे पडतं ते आडवंतिडवं न करता तसंच उतरवून घ्यायचं, ही त्याची सवय. मी म्हटलं, ‘सोमा, पुन्हा म्हण. जसं ऐकलंस तसंच म्हण, त्याच सुरात.’ तो म्हणाला, ‘नगं बरं तर.’ मी म्हटलं, ‘अजून एकदा.’ आन् माझ्या अंगावर काटाच आला बघ.

तू म्हणून बघ. मोठ्यानं म्हण, नळदुर्गाकडं आपण लहानपणी बोलायचो तसं… म्हण ना…

आलं ध्यानात?

‘नगू बर्तद.’

आपल्या कानडीत, ‘हसू येतंय.’ एवढंच म्हणाली होती गं पोरगी! हसू येतंय!



हो… हो… मलाबी तसंच झालं.

न्हाय, बनवून सांगत न्हाय तो. बनवणार कशातनं? त्याला कानडीचा गंध न्हाय. ढोकीकडच्या आमच्या लोकांत कानडी उरली ती आज्ज्याच्या पूजेपुरती. माझी बहीण तिथं दिली तेव्हा तीबी वर्षभरात विसरली. त्याला नगू म्हणजे काय हे मी सांगेपर्यंत ठाऊकच नव्हतं.

आन् इरम्माला मराठी येतंय की, ठाऊक हाय मला. प्रश्न तिला बराबर कळला होता. पण हसू फुटल्यावर माणूस शिकलेल्या बोलीत बोलतं व्हय? आईच्याच बोलीत बोलतं.

मग तसंच येऊन का न्हाय सांगितलं, ‘पोरगी नको म्हणती’? तेच मी विचारलं त्याला. म्हणाला, ‘मावशी, मी तसं सांगितलं असतं तर तिच्या वडलांनी तिला काय केलं असतं? गावानं काय म्हटलं असतं, हिच्या मनात दुसरं कोण हाय? म्हणून नकार माझ्या अंगावर घेतला. पुरुषाच्या अंगाला चिकटत न्हाय असलं काही.’

हं… तेच की… त्यानं तिची अब्रू राखायला म्हणून केलं, आन् दोष बसला तिच्या हसण्यावर. पोरीच्या हसूचं आपण सगळ्यांनी मिळून हसं केलं, लक्ष्मे.

हां बाबूजी?… हां, बात चालू है. काटना नक्को, बहुत जरूरी बात है… हां, पैसे हमारे नाम पे लगा दो.

हॅलो, हाईस ना?… बघ, आत्ता त्या बाबूजीला ‘नक्को’ म्हटलं तेव्हा ध्यानात आलं. दुपारी ह्यांना विचारलं होतं मी, जेवताना. म्हटलं, नगं आन् नगू एकाच मुळाचे का हो? तर म्हणाले, ‘छे. आपला नको, खेड्यातला नगं, कचेरीतल्या चपराश्याचा नक्को, ही एका घरची भावंडं. नगू कानडी मातीतला. तोंडावळा सारखा, नातं काही न्हाय.’ मग स्वतःच हसायला लागले. म्हणाले, ‘कोर्टात उर्दूत तर्जुमा करताना आम्ही एका शब्दापायी तारीख वाढवून घेतो. तुम्ही एका शब्दावर पोरीचा निकाल लावून मोकळे झालात.’

व्हय गं… आन् तुझी आई काय म्हणायची आठवतंय? मोठ्यानं हसलं की नगू, आन् गालातल्या गालात हसलं की… बराबर, मुगुळनगी. मुगुळ म्हणजे कळी. कळीगत हसू. लहानपणी मला वाटायचं ही कानडीचीच ऐट. मग इकडं आले, तर इकडच्या बायकाबी म्हणतात की, रुसलेल्या माणसाची कळी खुलली. बोली दोन, पण बघायचं तोंड एकच ना?

ते असू दे. इरम्मा कुठाय?… घरातच? मागं दाराशी उभी हाय? मग ऐकत असंल सगळं. दे तिच्याकडं… लाजू दे, दे तू. सांग, शरणअक्का हाय, दुसरं कुणी न्हाय. सोमलिंग बाहेर ओसरीवर हाय, त्याला इथलं अक्षर ऐकू जात न्हाय…

हॅलो?… इरम्मा?… बाळ, ते उलटं धरलंयस वाटतं. वरचं कानाला, खालचं तोंडाशी… हं, आता येतंय. अंजब्याड बाळ, भिऊ नको.

मी विचारते तेवढंच सांग. त्या दिवशी परसात तू काय म्हणाली होतीस?… पुन्हा म्हण… हं. हं. तेच.

आन् हसू कशाचं आलं गं?… सांग, मी रागावणार न्हाय… म्हशीकडं बघून? कोण, तो?… तुझ्याकडं न बघता? सगळं म्हशीकडं बघून विचारलं, ‘तुमच्या मनात नसंल तर सांगा’?…

आन् म्हशीनं मान हलवली!

अगं बाई!… अगं… थांब, मला ठसका लागतोय… हां… हां… हस बाळ, हस. तुझी आत्या बघतीय तर बघू दे…

बरं. आता दुसरं विचारते. हे नीट ऐकून सांग. त्याला काय ऐकू आलं, ते तू ऐकलंसच मघाशी… हं. आता तुझं मन काय?… तुझ्या बाबांचं न्हाय, आत्याचं न्हाय. तुझं…

…

काय?… मोठ्यानं बोल, बाळ, खरखर लई हाय…

हं… म्हणजे तो चांगला वाटला होता… पण?… पण काय?…

हो… हो, तेबी खरं… त्यानं नकार चार माणसांत दिला… तर चार माणसांतच येऊन सांगावं… तुझ्या बाबांपुढं, आईपुढं, ज्या बायका बोलल्या त्यांच्यापुढं… की पोरीच्या हसण्यात काही खोट नव्हती, माझ्या ऐकण्यात होती. मग पुढचं बोलू… असं म्हणतीस?

आन् न्हाय आला तर?… तर सोमवारी घाणेवाल्यांनाबी तूच नाही म्हणशील? तू स्वतः?… शाब्बास गं माझी बाय. न्हाय, जास्त न्हाय झालं. बराबर बोललीस. हे मी त्याला जसंच्या तसं सांगते. आत्याकडं दे आता.

लक्ष्मे?… ऐकलंस ना तुझ्या भाचीचं?… तुझ्यावरच गेलीय. आता तू एवढं कर. शंकरप्पाला आजच सांगावा धाड. तारच कर, पोहोचंल उद्यापर्यंत. ‘सोमवारचं थांबवा, शब्द देऊ नका.’ कारण मी कळवते म्हणावं… न्हाय, घाणेवाल्यांचा अपमान व्हायला नको, त्यांना ह्यांच्याकडनं चिठ्ठी देऊ. समजूतदार माणूस असंल तर समजंल. आन् तू इरम्माला घेऊन रविवारी नळदुर्गाला शंकरप्पाकडं ये. मीबी येते… ताप गेला गं, गेला! अशा कामाला मोटारीत बसायला जमंल इतकी बरी हाय मी…

सोमलिंग येईल का? अगं, विचारावं तर लागंलच. आता आपण कुणाच्याबी मनचं आपल्याच मनानं ठरवायचं न्हाय. पण माझं मन सांगतं की…

हां बाबूजी… हां, हो गया, एक मिनट… लक्ष्मे, रविवारी… हॅलो? हॅलो?… गेली लाईन.

सोमा!… सोमा, आत ये रे. बस… बस तर खरं. उभ्या उभ्या ऐकायचं न्हाय हे.

ती ‘नगं’ म्हणाली नव्हती, हे तर तुला दुपारी सांगितलं. आता तिनं काय सांगितलंय ते ऐक. रविवारी तिच्या बापाच्या सोप्यात, गावच्या बायकांदेखत, तू उभं राहून सांगायचं की चूक तुझ्या कानाची, तिच्या हसण्याची न्हाय. एवढं केलंस तर पुढचं बोलणं. तुला जमत नसंल तर तसं सांग, मी…

अरे… अरे, पण आत्ता कुठं निघालास? आज शुक्रवार हाय, बाबा!… अरे, रविवारी म्हटलं मी, रविवारी! नळदुर्गाची मोटार आज गेलीबी असंल… चालत? तुळजापुरापर्यंत चालत जातोस? डोकं फिरलंय का तुझं?…

अरे थांब, सोमा… बरं जा. जा. पण टोपी तरी घाल डोक्याला, ऊन लई हाय!