पांढरी तुळस

हे कोणाला सांगायचं नाही असं दादाने बजावलंय, पण तुम्हाला सांगते. त्याची इन्फ्रारेड फिल्म धुवायला मिट्ट काळोख लागतो, लाल दिवासुद्धा चालत नाही. आमच्याकडे तर कोणीही कुठलंही दार उघडतं.

दादा म्हणाला, "तू खोटंच बाहेरची हो वं. त्या खोलीत कोणी डोकावत नाही."

मी बसले. तो दाराबाहेरून सांगत गेला, मी फिल्म धुतली. या फिल्मच्या फोटोत हिरवी पानं पांढरी उमटतात.

आत्याने अंगणाचा फोटो पाहिला. "तुळस पांढरी पडली! काहून शिवली तू तिले?"

"आत्या, अंगणात हिरवीच आहे."

"मग फोटो काय खोटं बोलते?"

आता प्रायश्चित्त म्हणून मी रोज तुळशीला प्रदक्षिणा घालते. खरं सांगून टाकलं असतं, पण दादाची दुसरी फिल्म आलीय आणि तो म्हणतो, तू पुन्हा... आले, आत्या!