दाराजवळचं बटन

माझं माहेर जालन्याकडचं, लग्न करून आले ती थेट नाहूरला, आणि आल्यापासून हातांनीच पोट भरलं बगा. आधी गाळ्यात बसून बांगड्यांना टिकल्या चिकटवल्या, मंग मसाल्याच्या पुड्या भरल्या, आणि आता कितीतरी वर्षं स्टेशनच्या बाजूला पोळीभाजी केंद्र आहे ना, तिथं पोळ्या लाटते. सकाळी बुद्धवंदना झाली की लाटणं हातात, ते संध्याकाळपर्यंत. नाव सुमन, पण केंद्रात सगळे मावशीच बोलतात, तुम्हीपण मावशीच बोला ताई. तुम्ही राउटरचं विचारायला आलात आणि मी पोळ्यांचं काय घेऊन बसले, असं वाटत असेल, पण थांबा जरा, पोळ्यांचंपण त्यात येणार आहे. आधी माझी सुजाता सांगते.

सुजाता माझी थोरली. तिला जन्मापासून ऐकू येत नाय. कळलं कसं, तर कुकरची शिट्टी झाली, मी दचकले, तिचे पप्पा दचकले, आणि ही माझ्या मांडीवर तशीच, डोळे टक्क उघडे, माझ्या हनुवटीवरचं गोंदण बोटानं चाचपत पडलेली. हे बगा, हे तीन ठिपके, मी लहान असताना आईनं गोंदवून घेतले, मला कधीच आवडले नाय, मुंबईत आल्यावर बायका टकामका बघायच्या. पण पोरीनं तेच धरलं. जरा मोठी झाली आणि मी दिसले की स्वतःच्या हनुवटीला बोट लावायची. म्हणजे आई. तोंडानं तिनं मला कधी आई म्हणलं नाय, पण हनुवटीला बोट लावून लावून दिवसभर हाका मारायची, काय सांगू तुम्हाला, जीव तुटायचा आणि भरूनपण यायचा.

शाळा कर्णबधिर मुलांची, घरापासून लांब. तिथल्या बाई बोलल्या, घरी हातवारे करू नका, तिला तोंडानं बोलायची सवय लागू द्या. त्या पोरीच्या भल्यासाठीच बोलल्या, मी हो हो म्हणलं, पण पोरगी घरी यायची तेव्हा दिवसभराचं सगळं पोटात साठलेलं असायचं आणि ते हातातनंच बाहेर पडायचं, त्याला मी काय करू? मंग आमची घरचीच भाषा झाली. मिशीला पीळ म्हणजे पप्पा, आता मिशी काढून टाकली तरी तेच. धाकटी मैत्री, तिचं नाव म्हणजे नाक ओढायचं, कारण लहानपणी कायम शेंबडी. आता ती मोठ्या कंपनीचं काम घरून लॅपटॉपवर करते, इंग्लिशमध्ये मीटिंग करते, तरी तिचं नाव तेच आहे, लई चिडते.

आणि सुजाताला हाक मारायची ती दिव्यानं. ती पाठमोरी बसलेली असली तर बोंबलून काय उपयोग? दाराजवळचं बटन चालू-बंद, चालू-बंद करायचं, दिवा मिचकला की ती वळणार. पप्पा बसच्या डेपोत मेकॅनिक होते, ह्या बिल्डिंगमध्ये खोली मिळाली तेव्हा त्यांनी वायरिंग स्वतः केलं. ट्यूब पेटायला वेळ लावते म्हणून हाक मारायला मुद्दाम वेगळा बारका बल्ब लावला, आणि त्याच बटनावर फळीवरचा प्लग घेतला. तेव्हा त्या प्लगला काय लावणार हे कुणाला ठाऊक होतं!

सुजाता आयटीआयला कॉम्प्युटर दुरुस्ती शिकली, पवईला एका दुकानात नोकरीला लागली, हात एकदम साफ तिचा. मंग नाशिकचं स्थळ आलं, मिलिंद, त्यालापण ऐकू येत नाय, कारखान्यात कामाला, स्वभावानं सोनं. लग्न ठरलं तेव्हा ती मला बोलली, बोलली म्हणजे हातानं, की आई आता तू मला रोज दिसली पाहिजेस, आणि तिनंच राउटर आणला, आणि बुद्धाच्या मूर्तीशेजारी फळीवर ठेवला. त्या दिवसापासून आमच्याकडं तो बल्ब दिवसरात्र जळतो, कारण बटन बंद केलं की नेट गेलं. शेजारीण विचारते, भरदुपारी दिवा कशाला? मी म्हणते, जळू दे गं, माझी पोरगी आहे त्यात.

आता तुमचं-आमचं काय असतं, व्हिडिओ कॉल अडकला तर आवाज तरी येतो. हॅलो हॅलो करत कायतरी कळतं. आमचं तसं नाय ना. हात अडकला की शब्द अडकला. इकडं मैत्रीनं ऑफिसचं काय पाठवायला घेतलं किंवा पप्पांनी मोबाइलवर मॅच लावली की तिकडं सुजाता पुतळा व्हायची, हात हवेत तसाच, मंग एकदम चार शब्द पुढं उडी मारायची. मी पॅसेजमध्ये जाऊन मोबाइलच्या नेटवर करून बघितलं, खोलीत रेंज येत नाय म्हणून, तर अख्खा मजला बघत उभा. माझी लेक काय बोलते ते त्यांना कळत नाय, तरीपण ते आमचं घरातलं बोलणं आहे ना. केबलवाला येऊन बघून गेला, बोलला मावशी राउटर जुना झाला, कंपनीनंपण ह्याचं बघणं सोडलंय, टाकून द्या, नवीन घ्या. पोरीनं आणलेला, तो मी टाकू?

सातवा महिना होता सुजाताला. एका संध्याकाळी कॉल लागला, तिनं पोटावर हात ठेवला, तोंड वेडंवाकडं केलं आणि तिथंच सगळं अडकलं. तोंड वाकडं, हात पोटावर, हलेचना. मी फोन आपटते, मैत्री परत लावते, लागत नाय. पिशवी भरली, नाशिकला निघाले, पप्पा चपला घालून दारात. तेवढ्यात मिलिंदचा मेसेज आला, मैत्रीनं वाचून दाखवला, की बाळ लाथा मारतंय, सुजाता नक्कल करून दाखवत होती. मी मटकन खाली बसले आणि आधी हसले आणि मंग इतकी रडले की पप्पा घाबरले. त्या दिवशी मी ठरवलं, हे असलं आता चालणार नाय.

बाळंतपणाला ती माझ्याकडं आली. मुलगा झाला, सिद्धार्थ, आम्ही सिद्धू बोलतो. तिला मी सांगितलं, हे बघ, तू जाशील, तिकडं तुझ्या बाळाला ताप आला, दूध नाय प्यायला, तर तू मला अर्धं सांगणार आणि अर्धं अडकणार, मी काय करायचं? ती बोलली, डब्बा चांगला आहे आई, आतली अक्कल जुनी आहे, ती बदलते. त्याला फर्मवेअर बोलतात. म्हणजे कंपनीनं भरलेली अक्कल काढायची आणि दुसऱ्या लोकांनी लिहिलेली भरायची. मी विचारलं, त्यानं काय होणार? तर तिनं मला माझ्याच कामातलं विचारलं. केंद्रावर ऑफिसची मोठी ऑर्डर आली, ढीगभर पोळ्या, आणि तेवढ्यात दोन पोळ्यांवाला एकटा माणूस आला, तर तू काय करतेस? म्हणलं, त्याला दोन देऊन मोकळा करते, तो काय ढीग संपेपर्यंत तिष्ठत बसणार? ती बोलली, बस्स, तुझ्या राउटरला तेवढंच कळत नाय, पप्पांची मॅच म्हणजे मोठी ऑर्डर, तुझे-माझे हात म्हणजे दोन पोळ्या. मला एवढं पटलं ना, की म्हणलं कर, आत्ताच कर.

पण लहान बाळ घरात, राहून राहून ते राहिलं आणि ज्या सकाळी मिलिंद न्यायला येणार, त्याच्या आदल्या दुपारी ती बसली. लॅपटॉप मांडीवर, राउटरला वायर जोडलेली, दाराकडं पाठ. मला खुणेनं बजावलं, आता कुणी कशाला हात लावायचा नाय, मध्येच वीज गेली तर डब्बा मेला समज. मी आत कणीक मळत होते. मैत्री पॅसेजमध्ये फोनवर. आणि पप्पा आले बाजारातनं.

नातवासाठी झबलं आणलं होतं हो त्यांनी. पिवळं. लेकीला दाखवायची घाई, लेक पाठमोरी बसलेली, आणि त्यांचा हात आपोआप गेला दाराजवळच्या बटनावर. चालू-बंद, चालू-बंद. लग्न होऊन गेल्यापासून कुणी तिला तशी हाक मारली नव्हती, पण हाताला कुठं कळतं?

दिवा मिचकला आणि सुजाता वळली. हसत वळली ती, मी कणकेच्या हातानं बाहेर आले तर हसत होती, आणि मंग तिनं फळीकडं बघितलं. राउटरचा एकच दिवा जळत होता, तोपण मुका, मिचकेना. वाट लागली. मंग तिचे हात सुटले, बापरे, तिचा राग हातात असतो, भांडी आपटावीत तसे हात, मला अर्धे शब्द कळलेच नाय. पप्पा झबलं धरून उभे. एवढा मोठा माणूस, डेपोत चार लोकांना दम देणारा, छातीवर मूठ फिरवत राहिला, माफ कर, माफ कर. शेवटी तीच थांबली. त्यांच्या हातातलं झबलं घेतलं, बघितलं, आणि बोलली, पप्पा, तुम्ही हाक मारली आणि मला कळली, मंग चूक कसली? मी आत गेले, मला तिथं उभं राहवेना.

मंग बोलली, मेला नसेल, बघू या. त्याला एक युक्ती असते बोलली, मागं बारीक भोक असतं त्यात पिन दाबून धरायची, दाबलेली असतानाच वीज चालू करायची, तो उठता उठता लॅपटॉपकडनं अक्कल मागून घेतो. पिन मी धरली, माझ्या केसातलीच. लॅपटॉपवर ती. आणि बटनावर पप्पा. ते नको नको करत होते, मी आता त्या बटनाला आयुष्यात हात लावणार नाय बोलले, पण तिनं त्यांचा हात धरून बटनावर ठेवला.

पहिल्यांदा माझी पिन सटकली. दुसऱ्यांदा पप्पांनी घाई केली. तिसऱ्यांदा सगळं जमलं आणि नेमका सिद्धू उठला, असा टाहो फोडला की विचारू नका. आता बघा गंमत, ऐकू येतं ते आम्हा दोघांना, आणि आमचे हात गुंतलेले. बोलायचं कशानं? मी हनुवटी उडवून उडवून झोळीकडं दाखवतेय, तिला वाटतंय पिन टोचली मला. मंग कळलं तिला. तिनं झोळीकडं बघितलं, फळीकडं बघितलं, आणि एक बोट वर केलं, रडू दे जरा. तेवढ्यात राउटरचा दिवा भराभर मिचकायला लागला, अगदी कुणीतरी हाक मारावी तसा. तिनं मान डोलवली, मी पिन सोडली, पप्पा बटनाजवळ तसेच खांब होऊन उभे, आणि थोड्या वेळानं सगळे दिवे एकेक करून लागले. मी पोराला उचललं आणि छातीशी धरून हसत सुटले. पप्पा नाक पुसत होते, मैत्री आत येऊन विचारते, काय झालं, कोण आलं?

संध्याकाळी सुजातानं राउटरमध्ये कुणाला आधी सोडायचं ती रांग-बिंग सगळी लावून दिली. मी तिला विचारलं, ही अक्कल कुणी लिहिली गं? बोलली, जगातली कुठली कुठली माणसं आहेत, आपापली कामं सांभाळून लिहितात आणि ठेवून देतात, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावी. म्हणलं, त्यांना कुणी सांगितलं हे करायला? बोलली, कुणी नाय. मला राहून राहून त्याचंच वाटतं बगा ताई. त्यांना माझं नाव माहीत नाय, मला त्यांचं तोंड माहीत नाय, माझी लेक मुकी आहे हे त्यांच्या ध्यानीमनीपण नसेल, आणि माझ्या घरात रोज संध्याकाळी त्यांचं काम चालतं. सकाळी वंदना झाली की मी त्यांनापण हात जोडते. सुखी राहू देत बिचारे, त्यांच्या लेकीबाळी त्यांना रोज दिसू देत.

आता सिद्धू रांगतो, धरून उभा राहतो. त्याला ऐकू येतं, कुकरच्या शिट्टीला दचकतो, सुजातानंच हसत हसत करून दाखवलं. परवा कॉलवर ती त्याला नाचणीचं सत्त्व भरवत होती. इकडं पप्पांची मॅच जोरात, मैत्रीचं ऑफिसचं काय ते चाललेलं. आणि त्या पोरानं पडद्यात माझ्याकडं बघितलं आणि बोट उचलून स्वतःच्या हनुवटीला लावलं. मैत्री बोलली, आई, सत्त्व सांडलं असेल गं हनुवटीवर, पुसत असेल. असेल. मीपण माझ्या हनुवटीला बोट लावलं. त्यानं परत लावलं. सुजाता तिकडं वाटी हातात धरून तशीच राहिली, मला वाटलं अडकली पुन्हा, तर नाय, तिच्या डोळ्यांतलं पाणी खाली येत होतं, ते दिसत होतं मला, स्वच्छ.

घ्या, चहा घ्या, निवला असेल. आणि जाताना दाराजवळच्या त्या बटनाला हात लावू नका हं ताई, पप्पांनी चिकटपट्टी लावलीय तरी सांगते. संध्याकाळी मला हाक येते त्यातनं.