बागेतली देवी

१९७८ साली सेलूच्या स्टँडवर, नागपूरच्या गाडीच्या रांगेत, एक वयस्क शेतकरी जोडपं माझ्यापुढे उभं होतं. जर्मनीहून येणाऱ्या मुलाला आणायला निघालेलं.

“त्यानं धाडलेल्या फोटोतली देवी काऊन कापली, ते तुमीच सांगजा त्याले.”

“अंगात पोलकं नाई, पदर नाई! पाव्हण्याईले कसा दाखवू?”

“तिकडच्या लोकाईची अन्नपूर्णा हाय ते. पोरानं लिहलं होतं ना, हातात गव्हाची पेंढी हाय म्हून. राजे तिची मूर्ती वाड्याच्या बागेत उभी करत, का लोकाईले वाटावं, याच्या राज्यात कोठार भरलेलं राह्यते.”

“मले लाज वाटली व.”

“अन् बाजूले उभ्या पोराचा हात बी कापला गेला. तो इचारन, माया हात कुठी हाय, तं?”

“हाय ना.”

“चुलीत टाकला म्हनलं होतं ना तुमी?”

“देवी हाय. चुलीत कशी टाकू?”

“मंग कुठी हाय?”

“हळू बोल, मांगं लोक हायेत.”

“कुठी हाय?”

“बंडीच्या खिशात.”

“दिवाळीपासून?”

“पेंढी लय सुरेख हाय तिची.”

“असं! मंग काढा इथंच. मले बी पाहू द्या पेंढी.”

म्हातारबांनी खिशावर हात दाबून धरला, तो गाडीत चढतानाही सोडला नाही.