त्याच तुकड्याचा फोटो

— न्हाई म्हणत न्हाई हो डाक्टरीणबाई, ठिवा की फोटो. मालक जाऊन तिसरं वरीस चालू हाय, आता त्येंच्या गालातल्या तुकड्याचं मी काय करू? देशोदेशीचं डाक्टर बघणार, असलं लय फोटो बघून कॉम्प्युटर कॅन्सर वळखाय शिकणार — आलं ध्यानात. त्येवढ्यासाठी सांगलीवरनं मेढ्यापतूर आलासा, च्या घ्या. नाव लावणार न्हाई म्हणता? बरं, नगा लावू.

दावा तरी. हे व्हय? जांभळं, गुलाबी... आणि मोठं हुतंय? आवं, संपंनाच की! आणि पुण्यातला डाक्टर बसल्या जागी हेच बघतोय, लगीच? — तवा कुठं हुतं हे. तवा आमच्या दीपमालानं, लेकीनं, सांगलीत काढलेल्या तुकड्याची ती काच रुमालात गुंडाळून यष्टीनं पुण्याच्या मोठ्या डाक्टरास्नी दावाय न्हेली. गर्दीत पिशवी दाबली, काच तडकली. डाक्टर म्हणालं, दुसरी आणा. सांगलीत दुसरी करून घेतली, परत पुणं, तवर मोठं डाक्टर रजेवर — महिना गेला. मालक शिटं भरून वडापची जीप चालवायचं, कुणाचं काय दुखलं की साताऱ्याला पळवायचं, आणि सोताच्या रिपोर्टसाठी दारात बसून ऱ्हायचं. रिपोर्ट आला तवा तोंड उघडत न्हवतं. पोरीला कुणी बोल लावला न्हाई. मी तर न्हाईच. पण ती घरी येईना झालीया. फोन केला की हां-हां म्हणती, ठिवती. मालकांच्या वर्षश्राद्धाला — न्हाई, आमच्यात श्राद्ध न्हाई, बुद्धवंदना असती — तवाबी आली न्हाई. पोरगी जित्ती असून घर रिकामं...

जाऊ द्या. मला येक सांगा, हा फोटो दुसऱ्या काचंचा — तीबी त्याच तुकड्याची न्हवं? पयल्या दिवशी काढलेल्या? म्हंजी काच तडकायच्या आदीचंच दिसतंय हे. मग कुठवर गेलं हुतं तवा? हे? हे रगतवाहिनीत शिरलेलं? त्याच दिवशी?

मग महिना वाचला असता तर...

नक्की सांगता येत न्हाई. बरं. पण लय फरक पडला नसता, असं वाटतंय तुमाला. खोटं न्हवं न्हवं हे, मला बरं वाटावं म्हणून? मग बाई, हेच तिला सांगा. नक्की न्हाई, हेबी सांगा, उगं गोड करू नगा. माझं ती ऐकायची न्हाई, आई हाय मी. थांबा, लावते.

वाजतोय.

दीपे, मी हाय. ठिवू नगंस — सांगलीच्या डाक्टरीणबाई हायेत हितं, त्येंच्याशी बोल.

घ्या. मी भाईर बसते.