माझं ऐकणं, माझी उत्तरं

मी पंचवटीतलीच. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी, यात्रेकरू आले की बाबा त्यांना घेऊन गोदेवर जायचे आणि सगळं तोंडपाठ सांगायचे. बाबा दादाला पाठ द्यायचे ना, तेव्हा मी आत भाजी निवडत असायचे, आणि दादाच्या आधी माझं पाठ व्हायचं. पण वाच म्हटलं की संपलं. काय सांगू तुम्हाला, बोट ठेवलं तरी ओळ हातची सुटायची, म कुठला भ कुठला, घ कुठला ध कुठला, काही कळायचं नाही. शाळेतल्या बाई म्हणायच्या, हिच्या डोक्यात काही शिरत नाही.

कशीबशी कॉलेजात पोचले, तिथं मैत्रिणीनं दाखवलं, पानाचा फोटो काढ, फोन वाचून दाखवतो, आणि आपण बोललो की लिहितोसुद्धा. इतिहासाचा आख्खा धडा मी रिक्षात बसून ऐकला आणि रडले, हो, रडले, कारण मला कळत होतं, सगळं कळत होतं.

तर इतिहासाच्या सरांनी वर्गात इअरफोन काढायला लावला. म्हणाले, हे वाचणं नाही, ही पळवाट. घरी सांगितलं तर बाबाही तेच म्हणाले. मग मात्र मी गप्प बसले नाही. म्हटलं, बाबा, तुम्हाला येतं ते आजोबांच्या तोंडून ऐकूनच आलं ना, मग तुमचं ऐकणं विद्या आणि माझं ऐकणं चोरी? बाबा ताटावरून उठले.

मी एकटीच प्राचार्यांकडे गेले. त्या म्हणाल्या, वाचायला का जमत नाही त्याची डॉक्टरांकडून तपासणी करून दाखला आण, आणला. परीक्षेत पेपर ऐकायची परवानगी मिळाली. त्यावर सर भर वर्गात म्हणाले, आता मॅडमना मशीन पास करणार. मी उभी राहिले. म्हटलं, सर, मशीन वाचून दाखवतं, उत्तर माझं असतं, विचारा. त्यांनी विचारलं, बरंचसं आलं, एक चुकलं. चुकलेलं पण माझंच होतं.

आता वकिलांच्या ऑफिसात आहे, फायली ऐकते, अर्ज बोलून लिहिते. लोकांना वाटतं पोरगी गाणी ऐकत बसलीय, वाटू दे. बाबा अजून म्हणत नाहीत की तुझं बरोबर होतं, तेही असू दे. दादाची मुलगी दुसरीत आहे, तिचंही माझ्यासारखंच. तिला मी धडे ऐकवते, जमतील तेवढी अक्षरंही गिरवून घेते. खूप शिक बाळा म्हणते, आणि कुणी तुला ढ म्हटलं तर त्याला आत्याकडे पाठव.